बारा शब्द आणि एक बाकडं

४ जानेवारी

मामा,

'तीर्थरूप' लिहिलं की तुला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटतं, म्हणून नुसतं मामा. फोनच करणार होते, पण फोनवर मी मध्येच टाईप करायला लागते आणि तुला ते ऐकू आलं की तू फोन ठेवून देतोस. तेव्हा आपलं हॉस्टेलच्या दिवसांतलं पत्रच बरं, एसटीच्या ड्रायव्हरबरोबर धाडलं की त्याच दिवशी पोचतं.

आईकडून कळलंच असेल, मी प्रयोगशाळेतली नोकरी सोडली. आईच्या भाषेत, चांगलं चाललेलं मोडलं. तिने मला एकतीस मार्चपर्यंत मुदत दिली आहे. तोवर माझी जागा रिकामी ठेवाल का, हे तिने परस्पर जाऊन तिथल्या साहेबांना विचारलं, आणि ते हो म्हणाले. तेव्हापासून ती या विषयावर माझ्याशी एक अक्षर बोलत नाही. फोन केला की जेवलीस का, एवढंच विचारते.

आता काम सांगते. हे एक सोशल नेटवर्क आहे, पण ब्लॉकचेनवर चालणारं. म्हणजे त्याला एक मालक नाही. तू जे लिहिशील त्याची नोंद ठिकठिकाणच्या शेकडो कॉम्प्युटरांवर एकदमच होते, त्यामुळे ती कुणाला खोडता येत नाही, बदलता येत नाही. आत जायला पासवर्ड नसतो, बारा साधे शब्द असतात. ते ज्याच्याकडे, खातं त्याचं. हरवले तर आम्हीही काही करू शकत नाही.

माझं काम नवीन माणसं आणायचं आणि आलेली टिकवायची. आणायला त्रास नाही. जो येतो त्याला टोकन, म्हणजे विकता येणारं डिजिटल नाणं, मिळतं, तो दुसऱ्याला आणतो, त्यालाही मिळतं. धडाधड येतात, टोकन घेतात आणि पसार होतात. शंभरातले तिसाव्या दिवशी नऊ उरतात. तो नऊचा आकडा मी रोज सकाळी ऑफिसच्या पांढऱ्या फळ्यावर लिहिते. आमची साहेबीण, जिला आम्ही चष्मेवाली म्हणतो, तिने सांगून टाकलंय की मार्चअखेर शंभरातले तीस टिकले नाहीत तर कंपनी आमचा विभाग बंद करेल.

तू येशील का आत? तुझ्याजवळ शिलाई मशीनचं चाळीस वर्षांचं ज्ञान आहे आणि ते तेलकट वह्यांमध्ये पडलंय. इथे लिहिलंस तर कुणाला खोडता येणार नाही. सोबत कसं यायचं त्याचा कागद जोडलाय. निदान एक तरी माणूस टिकेल, म्हणून लिहितेय.

तुझी,
गुंडी

•

१३ जानेवारी

गुंडे,

तुझा कागद शेजारच्या, कोट शिवणाऱ्या कोटवालीने वाचून दाखवला आणि तिच्याच मदतीने मी आत शिरलो. बारा शब्द मिळाले. हरवले तर कुणी वाली नाही असं तू लिहिलंस, तेव्हा ते अशा जागी लिहून ठेवलेत की हरवायचं नाव नको. तू काळजी करू नकोस.

पण तुमचं हे प्रकरण मला काही फार माणसाळलेलं वाटलं नाही. आत गेलो तर एका यंत्राने स्वागत केलं. माझं नाव घेऊन केलं, पण यंत्रच ते. मग सामसूम. कुणी साधं पाणी विचारलं नाही. मी आपला एक प्रश्न टाकला, जाड कापडावर टाके सुटतात तर आधी सुई बघावी की खालचा दोरा सोडणारं शटल. उत्तर मला ठाऊक आहे, पण कुणी बोलतंय का बघावं म्हणून विचारलं. दोन दिवस गेले, कुणीही नाही. तिसऱ्या दिवशी एकाने लिहिलं, माझ्या दुव्यावरून आणखी दोघांना आण, तुला टोकन मिळेल. मी त्याला विचारलं, तुझी मशीन कुठली. तो गायब.

तुझ्या शंभरातले नऊ कसे टिकतात, याचंच मला नवल वाटलं. मी मात्र राहतो. भाचीने बोलावलंय म्हटल्यावर उठून जाणं बरं दिसत नाही.

आईवर रागावू नकोस. तिला भीती वाटली की ती मुदती घालते, लहानपणापासूनची खोड आहे. मला पतंग उडवायलासुद्धा पाच वाजेपर्यंतची मुदत असायची.

मामा

•

२ फेब्रुवारी

मामा,

आधी कौतुक. गेले अठरा दिवस तू रोज आत येतोयस. आख्ख्या नेटवर्कवर तुझ्याएवढं कुणी लिहीत नाही. चष्मेवालीने मीटिंगमध्ये तुझं खातं पडद्यावर दाखवलं आणि मी मान ताठ करून बसले.

मग मी ते शांतपणे वाचायला घेतलं. मामा, आता जे विचारते त्याचा राग मानू नकोस. परवा सकाळी दहाला तू विचारलंस, रेक्झिनला कुठली सुई लावावी. अकराला तूच उत्तर दिलंस. बाराला तूच म्हणालास की हे उत्तर साफ चुकीचं आहे आणि असं सांगणाऱ्याने जन्मात रेक्झिन शिवलेलं नाही. दुपारी तू स्वतःची माफी मागितलीस. चारला लिहिलंस, 'मी बाईमाणूस, मला एवढी जड मशीन उचलत नाही.' आणि संध्याकाळी सगळ्यांचे आभार मानलेस.

मामी जाऊन तीन वर्षं झाली. दुकानात तू एकटाच असतोस, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझा आकडा वाढावा म्हणून मी तुला या भानगडीत ओढलं आणि तू दिवसभर स्वतःशीच बोलत बसलास. झोप लागते ना? औषधं वेळेवर घेतोस ना? एकदा डॉक्टरांना दाखवून ये. साधं तपासायला म्हणून.

माझं विचारशील तर टोकन दुप्पट केलं. पंधरा दिवसांत आकडा नवावरून सातावर आला.

गुंडी

•

९ फेब्रुवारी

गुंडे,

डॉक्टरांकडे जाऊन आलो. रक्तदाब तुझ्या आईपेक्षा चांगला आहे, तसं तिला कळवलंसुद्धा. झोप ठणठणीत. एवढ्या आपुलकीने विचारलंस म्हणून बरं वाटलं, नाहीतर हल्ली तब्येत विचारतात ते पुढे विमा विकायला.

एकटेपणाचं म्हणशील तर तो आता राहिला नाही. सकाळी नेटवर्क उघडलं की गर्दीच असते. भांडणं होतात, हसणं होतं. छत्रीवाले आजोबा आधी बोलायचे नाहीत, आता त्यांना गप्प करावं लागतं. दुपारी जरा सगळे शांत होतात, मग मी डुलकी काढतो.

टोकन दुप्पट करून माणसं कमी झाली यात मला नवल वाटलं नाही. माझ्या दुकानात कुणी पहिल्यांदा आलं की मी त्याला तेलाची बाटली फुकट देतो का? नाही. मी त्याला विचारतो, काय होतंय मशीनला. तेवढ्यावर लोक वीस वर्षं येतात.

मामा

•

१२ फेब्रुवारी

मामा,

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. तू दुकानातच थांब. ती गर्दी दिसते म्हणालास त्याबद्दल तूर्त कुणाला काही सांगू नकोस, आईलाही नाही. मी आहे.

गुंडी

•

१७ फेब्रुवारी

मामा,

परतीच्या गाडीत मी एवढी हसले की समोरच्या बाईंनी जागा बदलली. आधी थोडी रडलेही होते, ते तुला आता सांगते.

दुकानाच्या दारात पाऊल टाकलं आणि भिंतीवरचा तो काळा फळा दिसला. एरवी तिथे गिऱ्हाइकांच्या मशीनचे नंबर असतात. तिथे खडूने, ठळक अक्षरांत, ओळीने बारा शब्द. जे जगात कुणाला दाखवायचे नसतात ते. आणि फळ्याखाली त्या लांब बाकड्यावर कोटवाली, सोफेवाला, छत्रीवाले आजोबा, पिशव्या शिवणाऱ्या दोघी बहिणी, असे अकरा जण आपापल्या फोनमध्ये डोकं घालून एकाच नावाने भांडत होते. तुझ्या नावाने. तू कोपऱ्यात एका मशीनचं पोट उघडून बसला होतास आणि मला म्हणालास, 'आलीस? सरक रे जरा, हिला बसू दे.'

माझा जीव भांड्यात पडला. तू ठीक आहेस, एवढंच पुरेसं होतं. मग माझ्यातली नोकरदार जागी झाली. मी ओढणीने फळा पुसला. तर सोफेवाला म्हणाला, 'पुसा की, आम्हाला पाठ आहे.' आणि अकरा जणांनी शाळेतल्या मुलांसारखे ते बारा शब्द एका सुरात म्हणून दाखवले. अशी चूक करणारे जगात तुम्हीच. आम्ही असे शब्द तिजोरीत ठेवायला सांगतो आणि तू ते कुणाची अडचण नको म्हणून भिंतीवर लिहिलेस.

पण चूक ती चूकच, मामा. त्या शब्दांनी कुणीही तुझ्या नावाने काहीही लिहू शकतो आणि ते कायमचं राहतं. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खातं काढून दिलं ते योग्यच झालं. ते जुनं खातं आता कुणी वापरायचं नाही, तूही तुझं नवंच वापर. एका सदस्याचे अकरा नवे सदस्य झाले, आणि खात्री आहे की हे अकराच्या अकरा टिकतील. आज आकडा लिहिताना माझा हात जरा जास्तच मोठा चालला.

आईला भेटले. जेवलीस का, म्हणाली.

गुंडी

•

२४ फेब्रुवारी

गुंडे,

वाईट बातमी आडपडद्याशिवाय सांगतो. तुझे अकराच्या अकरा गेले.

कुणी भांडून गेलं नाही. छत्रीवाले आजोबा दोन दिवस आपल्या नव्या खात्यात जाऊन बसले. तिथे कुणी नव्हतं. त्यांनी छत्रीच्या काड्यांबद्दल लिहिलं, ते कुणाला दिसलं नाही, कारण त्यांच्यामागे कुणी नाही. मग त्यांनी फोन खिशात ठेवला आणि दुकानात यायचंही बंद केलं. बहिणी म्हणतात, आम्हाला वाटलं आमचं काहीतरी चुकलं म्हणून तुमच्या भाचीने आम्हाला वेगळं काढलं. मी स्वतः चार दिवस आत गेलेलो नाही. परवा बाकडं पुसायला घेतलं तर त्यावर धूळ होती.

तुला दोष देत नाही. शब्द भिंतीवर लिहिणं चुकीचं होतं, ते कळलं. पण तू प्रत्येकाला स्वतंत्र खोली दिलीस आणि त्या नादात बाकडं काढून घेतलंस. माणूस आत येतो ना, तेव्हा त्याला दाराची किल्ली नको असते, शेजारी कोण बसलंय ते हवं असतं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी शेजारी बसव. आणि त्या शेजारच्याला सांगून ठेव की याने काही विचारलं तर उत्तर द्यायचं. माझं एवढंच ज्ञान आहे, बाकी तुझं तू बघ.

मामा

•

२६ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. धुळीच्या वाक्यापर्यंत आले आणि पुढे वाचवेना, तेव्हा चष्मेवालीने ते हातातून घेतलं आणि ती पुढे वाचत राहिली. मग दोन दिवस आम्ही घरी फक्त अंघोळीला गेलो.

असं ठरलंय. एक मार्चला जे पहिले शंभर येतील त्यांना टोकन नाही. त्यांना बाकडं. दहा-दहाची दहा बाकडी. किल्ली प्रत्येकाची वेगळीच, पण पान सगळ्यांचं एक. प्रत्येक बाकड्यावर एक जुना जाणता, ज्याने नव्याच्या पहिल्या प्रश्नाला एका दिवसात उत्तर द्यायचं. आणि आमच्या प्रोग्रामरने एक गोष्ट स्वतःच्या डोक्याने घातली. कुणाचे बारा शब्द हरवले तर बाकड्यावरच्या सहा जणांनी मिळून 'हा आमचाच' असं सांगायचं, की दार उघडतं. आजवर जे हरवलं की गेलंच, ते आता शेजारच्यांच्या शब्दावर परत मिळेल.

जाणते कुठून आणायचे, हा प्रश्न निघाला तेव्हा मी म्हटलं, माझ्याकडे अकरा आहेत. बहिणींना सांग की चूक माझी होती. आजोबांना घरी जाऊन सांग, आणि माझ्या वतीने नीट माफी माग. एक बाकडं मी स्वतः सांभाळणार आहे.

एकतीसला मोजायचं. तीस उरले तर मी इथे, नाहीतर आईची प्रयोगशाळा. 

गुंडी

•

२८ फेब्रुवारी

गुंडे,

आजोबा तयार आहेत. त्यांनी नवा शर्ट घातला, तो कुणाला दिसणार नाही हे सांगायचं माझं धाडस झालं नाही. बाकीचेही आले. बाकड्यावर पुन्हा जागा नाही.

एक काम कर. माझ्या ओळखीची एक बाई उद्या येईल, 'निळा दोरा' या नावाने. तिला तुझ्या बाकड्यावर बसव. बुजरी आहे, पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही तर परत यायची नाही.

मामा

•

१८ मार्च

मामा,

आकडा सांगत नाही, दृष्ट लागते. फक्त माझ्या बाकड्याचं सांगते.

दहातले सहा अजून आहेत. त्यातली तुझी ती निळा दोरा. पहिल्या दिवशी तिने एकच ओळ लिहिली, 'वर्षानुवर्षं बंद पडलेली मशीन पुन्हा चालू होते का?' मी तुझ्याच जुन्या नोंदी चाळून उत्तर दिलं. प्रत्येक सांध्यात तेल सोडा, दिवसभर तशीच राहू द्या, चाक हाताने हलकेच फिरवून बघा, जबरदस्ती करू नका. दुसऱ्या दिवशी आली, 'हलत नाही.' तिसऱ्या दिवशी, 'हलत नाही.' मला वाटलं, ही आता जाणार. पाचव्या दिवशी लिहिलं, 'पाव फिरलं.' आख्खं बाकडं खूश झालं. एक ट्रकचालक आहे आमच्यात, त्याला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, पण तो रोज मुक्कामाला पोचला की पहिलं विचारतो, ताई, आज किती फिरलं.

मग मध्येच तिने बारा शब्द हरवले. कागद पदराच्या गाठीत होता आणि साडी धुवायला गेली. जाणत्याचा, म्हणजे माझा, होकार धरत नाहीत; सहा जण हवे होते आणि ती धरून सातच उरले होते. म्हणजे एकही कमी पडून चालणार नव्हतं. ट्रकचालकाने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून 'ही आमचीच' म्हणून सांगितलं. सहाव्या माणसाने होकार दिला आणि तिचं दार उघडलं. त्यातला एक नंतर गेला, पण होकार देऊन गेला.

परवा तिने मला विचारलं, 'तुम्ही दिवसभर हेच करता? लोकांना उत्तरं देता, एकमेकांच्या शेजारी बसवता?' मी म्हटलं, हो. ती म्हणाली, 'चांगलं काम आहे. मला वाटलं होतं नुसता फोनचा खेळ असेल.' मामा, एका अनोळखी बाईने म्हटलं आणि मला दिवसभर पुरलं. आपल्या घरातल्या कुणी एवढं म्हटलं असतं तर काय हवं होतं.

गुंडी

•

३१ मार्च, दुपार

मामा,

बत्तीस.

आधी प्रोग्रामरने मोजले, मग मी, मग चष्मेवालीने चष्मा पुसून पुन्हा. शंभरातले बत्तीस, तिसाव्या दिवशी, टोकनाशिवाय. आजोबांच्या बाकड्यावरचे सात उरलेत, सगळ्यांत जास्त. विभाग राहतोय आणि पुढची शंभर बाकडी मांडायची आहेत.

आईला फोन केला. सांगितलं. ती म्हणाली, जेवलीस का. मी हो म्हटलं. प्रयोगशाळेत कोण कळवणार, तू की मी, हे विचारायचं राहिलं.

गुंडी

•

४ एप्रिल

गुंडे,

आजोबांना आकडा सांगितला. ते म्हणाले, उरलेल्या तिघांचं काय झालं, त्यांना कुणी विचारलं का? हे तुमच्या त्या चष्मेवालीला कळव.

आता माझ्या पोटातली गोष्ट. मी तीस दिवस तोंड बंद ठेवायचं वचन दिलं होतं, ते दिवस भरले.

फेब्रुवारीअखेर तुझं बाकड्यांचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी आई दुकानात आली. मला म्हणाली, पोरगी नेमकं करते काय, ते मला बघायचंय, पण तिला कळता कामा नये. मी म्हटलं, मग तिच्याच शेजारी बस. ती घाबरली, ओळखेल म्हणाली. मी म्हटलं, तू 'जेवलीस का' एवढं लिहू नकोस, बाकी काही ओळखायची नाही.

मशीन तुमच्या मागच्या खोलीतलीच. तू तीन वर्षांची असताना तिच्याखाली बसून गुंडी गिळलीस आणि तुला घेऊन दवाखान्यात पळावं लागलं. त्या दिवशी ताईने मशीनवर चादर टाकली ती या मार्चपर्यंत काढली नव्हती. पहिला प्रश्न काय विचारू म्हणाली, तेव्हा तीच आठवली तिला. मी दोन गल्ल्यांवर राहतो, आयुष्यभर हेच करतो. अर्ध्या तासात चालू करून दिली असती. पण तिने मला हात लावू दिला नाही. म्हणाली, बाकड्यावरच्यांना काय सांगू मग.

एक लक्षात ठेव. तुझी मुदत तिनेच घातली होती. ती उठून गेली असती तर तुझा आकडा कमीच होणार होता आणि कुणास ठाऊक, तू तिला हवी तशी परतही आली असतीस. शब्द हरवले तेव्हा तर बाहेर पडायचं कारणही आयतं मिळालं होतं. त्या दिवशी ती माझ्या दुकानात येऊन रडवेली झाली होती, आता ते सगळे मला विसरतील म्हणून.

प्रयोगशाळेत तीच जाऊन सांगून आली. एक तारखेला, सकाळीच.

मामा

•

८ एप्रिल

आई,

तुला कधी पत्र लिहिलं नाही, सगळी मामालाच लिहिली. सुरुवात कशी करायची तेही कळत नाहीये, म्हणून बाकड्यावर करतो तशीच करते.

काल तू लिहिलंस की चाक पूर्ण फिरतं पण खालचा दोरा गुंततो. चाक नेहमी आपल्याकडे फिरव, उलटं फिरवलं की तसं होतं. आणि बॉबिन काढून शटलची जागा ब्रशने साफ कर, तिथे जुना धागा अडकलेला असणार. हे तुला मामाही सांगू शकला असता, पण तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायची जबाबदारी माझी आहे.

मामाने सगळं सांगितलं. मी तुझं ते 'चांगलं काम आहे' पुन्हा काढून वाचलं. आमच्याकडे लिहिलेलं खोडता येत नाही, तुला माहीत आहेच. आता ते शेकडो कॉम्प्युटरांवर आहे आणि तू कितीही नाही म्हणालीस तरी राहणार आहे.

ट्रकचालक विचारत होता, ताईंची मशीन चालू झाली की पहिलं काय शिवणार. मीही तेच विचारते.

रविवारी येतेय. अजून जेवलेली नाही, तुझ्याकडेच जेवेन. मशीनवर पुन्हा चादर टाकू नकोस, आणि शेजारी मला बसायला जागा कर.

तुझी,
गुंडी